आजारी मांजराची भूक परत आणताना

आमच्या इमारतीचं रंगकाम निघालं त्या आठवड्यात भुऱ्या दिवाणाखाली गेला तो गेलाच. खिडकीबाहेर परांची, तिच्यावर दिवसभर रंगारी आणि त्यांच्या मोबाइलवरची गाणी. सहा किलो दोनशे ग्रॅमचा हा बोका एरवी फ्रिजचं दार वाजलं की स्वयंपाकघरात हजर. मी ताटली दिवाणाखाली सरकवत राहिले. पहिल्या दिवशी दाणे, दुसऱ्या दिवशी पाऊच, तिसऱ्या दिवशी भाजलेली सुकट. "भूक लागली की येईल बाहेर" हे वाक्य घरात तीनदा म्हटलं गेलं, त्यातलं दोनदा माझ्या तोंडून. चौथ्या दिवशी सकाळी तो बाल्कनीतल्या उन्हात येऊन बसला आणि त्याच्या कानाच्या आतली कातडी हळद लावल्यासारखी दिसली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, शेवटचं पोटभर कधी जेवला? वार सांगा." मला वार सांगता येईना. घरात मांजरं दोन, दाण्यांचा वाडगा एक आणि तो कायम भरलेला. दुसरी, चिंगी, त्यातलं संपवत होती आणि मी वाडगा भरत होते.

भुऱ्या वाचला, पण पाच आठवडे मानेतल्या नळीतून त्याला भरवावं लागलं. त्या पाच आठवड्यांत आणि नंतर चिंगीच्या दोन आजारपणांत जे शिकले ते क्रमाने लिहिते. मी जिथे चुकले ते आधी सांगते. मी तीन दिवस त्याला आवडेल असा पदार्थ शोधत बसले होते. आजारी मांजराची भूक अशी पदार्थ बदलून येत नाही. काहीतरी तिला अडवत असतं, ते दूर झालं की ती येते. तोवर पोट रिकामं राहू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

आधी घड्याळ

कुत्र्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर काळजी वाटते, पण बहुतेक वेळा निभावतं. मांजराचं तसं नसतं. ते पक्कं मांसाहारी. पोटात काही नसतानाही त्याचं यकृत प्रथिनं जाळायचं थांबवत नाही. शिवाय उपास घडला की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे जाते आणि तिथे तिचा निचरा वेळेत होत नाही, ती साचत जाते. मग कावीळ होते, काविळीने मळमळते आणि मळमळीने उरलंसुरलं खाणंही तुटतं. डॉक्टर याला फॅटी लिव्हर किंवा हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. गुटगुटीत मांजरांना धोका सगळ्यात जास्त. 'अंगावर आहे भरपूर, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं' हा हिशोब इथे उलटा पडतो.

म्हणून माझ्या फ्रिजवर आता तीन ओळी चिकटवलेल्या आहेत:

- पिल्लू असेल आणि १२ तास काही खाल्लं नसेल, तर दवाखाना.
- मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नसेल, तर दवाखाना.
- खातंय पण नेहमीच्या निम्म्याहून कमी, आणि असे तीन दिवस झाले, तरीही दवाखाना.

घरात एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर कोण जेवत नाही हेच आधी शोधावं लागतं. दाण्यांचा सार्वजनिक वाडगा उचला आणि प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, मोजून वाढा. बाहेर फिरणाऱ्या बोक्याची आणखी एक गंमत असते. तो शेजारच्या काकूंकडे मांदेली हाणून आलेला असतो आणि आपल्याकडे उपाशी असल्याचा आव आणतो. चार घरी विचारायला लाजू नका. माजावर आलेला बोका दोन-तीन दिवस खाण्याकडे फिरकत नाही हेही खरं, पण तो हिंडता-ओरडता असतो, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला नसतो.

काही वेळा मात्र घड्याळही बघायचं नाही, थेट निघायचं. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून कुंथतोय आणि लघवीचा थेंब येत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, हिरड्या पिवळ्या किंवा पांढऱ्याफटक पडल्यात, पाणीसुद्धा उलटून पडतंय, घरात उंदराचं औषध ठेवलं होतं किंवा पुष्पगुच्छातली लिली त्याने चावलीये, तर सकाळची वाट बघू नका. लिलीचे परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात. आणि जिभेखाली दोरा दिसला, म्हणजे गजऱ्याचा, शिवणाचा किंवा संक्रांतीनंतर गच्चीत पडलेला मांजा, तर तो ओढू नका. दुसरं टोक आतड्यात अडकलेलं असतं आणि ओढल्यावर दोरा आतडं कापत येतो.

अडतंय कुठे?

दवाखान्याची वेळ घेतली, आता मधे दोन तास आहेत. त्यात हे करा. पसरट ताटलीत थोडं कोमट, वासाचं खाणं घ्या, मांजरापासून हातभर अंतरावर ठेवा आणि लांब जाऊन बसा. गोंजारायचं नाही, 'खा ना सोन्या' म्हणायचं नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगड होऊन बसतं, तिथे डॉक्टरांना यातलं काहीच दिसत नाही.

जवळ येऊन जोरजोरात हुंगतं आणि वास लागत नसल्यासारखं निघून जातं, तेव्हा नाकाकडे बघा. मांजर वासाने जेवतं. सर्दीने नाक चोंदलं की समोर बांगडा असो की पुठ्ठा, त्याला दोन्ही सारखेच. शिंका, डोळ्यांतून पाणी, नाकाला सुकलेला शेंबूड हे सोबत असतंच.

उत्साहाने येतं, घास घेतं आणि मधेच तोंड झटकून पळतं, किंवा घास पाडतं, एका बाजूने चावतं, लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो. हे तोंडाचं दुखणं. मांजरांत हिरड्यांची सूज आणि आतून झिजत जाणारे दात फार आढळतात. भूक आहे, पण खाल्लं की कळ येते. चिंगीचं पहिलं आजारपण हेच निघालं, आणि मी आठवडाभर तिला 'नखरे' म्हणत होते. जिभेवर फोड असतील तर ते सर्दीच्या विषाणूंपैकी एकाचंही काम असतं.

तिसरी तऱ्हा ओळखायला अवघड आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी. मांजर ताटलीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं, रिकामा आवंढा गिळतं आणि मान फिरवतं. कधी ताटलीभोवतीची फरशी पंजाने खरवडतं, जणू ते खाणं पुरून टाकायचंय. ही मळमळ. उलटी झालीच पाहिजे असं नाही. किडनी, यकृत, स्वादुपिंड, आतडी यांपैकी कशाचंही दुखणं असलं तरी वरून दिसतं ते एवढंच. म्हातारं मांजर असेल, पाणी खूप पीत असेल, ट्रेमधले वाळूचे गोळे मोठे होत चालले असतील, तर किडनीची शंका आधी घ्यायची.

आणि चौथं, जे येतच नाही. पाठ कमानीसारखी करून, पंजे पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून बसतं. ताप, वेदना किंवा भीती. नाक ओलं की कोरडं यावरून ताप कळत नाही. मांजराचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि ते थर्मामीटरनेच बघायचं, तेही डॉक्टरांनी. नुसती भीती असेल, म्हणजे पाहुणे, फटाके, नवीन मांजर, रंगारी, तर एक शांत खोली, लपायला खोका, खाणं-पाणी आणि ट्रे तिथेच पण एकमेकांपासून लांब, एवढ्यावर काम होतं. पण २४ तासांची अट भीतीलाही लागू आहे. भुऱ्याचं सुरू भीतीवरून झालं आणि संपलं यकृतावर.

दवाखान्यात काय सांगायचं, काय मागायचं

जाताना वजन घेऊन जा. धुण्याचा टब किचनच्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मांजर टबात बसवायचं. पाच किलोंच्या वर गेलेल्या मांजराला उचलून घेऊन माणसांच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. गेल्या महिन्यापेक्षा दहा टक्के उतरलं असेल तर ते फार उतरलं. चार किलोच्या मांजरात चारशे ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो.

मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं आणि विदर्भात नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी गाई-म्हशींची असली तरी सलाईन आणि मळमळीचं इंजेक्शन तिथेही मिळू शकतं. रात्रभर घरी बसून राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

डॉक्टर तपासतील, रक्त घेतील, गरज पडली तर सोनोग्राफी सांगतील. निदान व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात. त्या दिवसांत मांजर उपाशी राहू नये म्हणून हे प्रश्न आपण विचारायचे.

शरीरात पाणी कमी झालंय का? मानगुटीची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती लगेच खाली बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या, तर झालंय. अशा मांजराला सलाईनशिवाय भूक लागणं कठीण. कातडीखाली सलाईन देणं घरीही शिकता येतं, किडनीच्या मांजरांची माणसं वर्षानुवर्षं देतात.

मळमळीचं औषध देताय का? मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन ही नावं ऐकायला मिळतील. उलटी होत नसली तरी विचारा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक या एका इंजेक्शनाने पडला.

काही दुखत असेल तर त्यावर काय? आणि मग शेवटी भूक वाढवणारं औषध. हा क्रम महत्त्वाचा आहे. मळमळ आणि वेदना तशाच ठेवून भुकेची गोळी दिली तर मांजर ताटलीपर्यंत येतं आणि तिथेच कण्हत बसतं. मांजरांसाठी आज जास्त वापरतात ते मिर्टाझापिन. मुळात हे माणसांच्या नैराश्याचं औषध. कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं त्याचं मलम अमेरिकेत २०१८ मध्ये मांजरांसाठी मंजूर झालं. गोळी असेल तर अगदी लहानसा तुकडा लागतो आणि तो किती हे डॉक्टरच ठरवणार. जास्त झालं की मांजर रात्रभर ओरडत घरभर फेऱ्या मारतं. किडनी कमजोर असेल तर दोन डोसांमध्ये अंतर वाढवावं लागतं.

घरात मुलांसाठी आणलेलं भुकेचं सिरप असतं, त्याच्या बाटलीला हात लावू नका. त्यात बहुतेकदा सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मांजरांना देतात, नाही असं नाही, पण मिर्टाझापिन चालू असताना दिलं तर दोन्ही एकमेकांचं काम बिघडवतात. आणि तापाची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, चतकोरही नाही. मांजराच्या यकृताला ती हाताळताच येत नाही. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड-पाय सुजतात. एका गोळीने मांजर दगावतं.

ताटलीचं शास्त्र

आता घरचं काम. पहिला नियम: मळमळ चालू असताना लाडका पदार्थ पुढे करू नका. मांजराची स्मरणशक्ती या बाबतीत सासूसारखी असते. ज्या खाण्याच्या वासासोबत पोटात ढवळलं, ते खाणं बरं झाल्यावरही वर्ज्य. माझ्या सुकटीचं तेच झालं, भुऱ्या आजही तिच्याकडे बघत नाही. मळमळीचं औषध लागू पडल्यावर मग आवडीचं काढा. त्याच कारणाने खाण्यात औषध मिसळू नका. एकदा कडू लागलं की ते खाणंही गेलं आणि औषधही.

चोंदलेलं नाक आधी मोकळं करायचं. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून वाफ धरू द्या आणि मांजराला घेऊन दहा-पंधरा मिनिटं आत बसा. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून नाकाची खपली हळूच पुसा. पाण्यात बाम, निलगिरी, कापूर, ओवा काही टाकायचं नाही, हे सगळं मांजराला बाधतं. वाफेनंतर लगेच ताटली.

खाणं कोमट हवं, अंगाच्या तापमानाइतकं. फ्रिजमधल्या थंडगार पाऊचला वासच नसतो. पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, बाळाच्या दुधासारखं. ताटली पसरट असू दे, खोल वाडग्यात चोंदलेलं नाक घालणं त्याला नको होतं. एकावेळी एक चमचाच वाढा. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून टाका. दिवसभर समोर पडलेलं, सुकलेलं खाणं नुसत्या वासाने मळमळ वाढवतं. दोन-तीन तासांनी ताजं. रात्री घर निजल्यावर एकदा नक्की ठेवा, बरीच मांजरं पहिला घास तेव्हाच घेतात.

काय वाढायचं? जे त्याला आधीपासून ओळखीचं आहे ते. दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराला आजारपणातच सुधारायला जाऊ नका, पण मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही. हगवण लागली तर आहे तेही पाणी जाईल. घरात मांस शिजत नसेल तर पाऊच आणि आजारी मांजरांसाठीचे 'रिकव्हरी' प्रकारचे डबे आहेत. दही-भाताने मांजराचं भागत नाही. शिजत असेल तर बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेल्यानेही आणि वाळवलेल्यानेही. सुपाचे क्यूब आणि कालच्या रश्श्यातलं धुतलेलं चिकन याच कारणाने बाद. उकडल्याचं पाणी ओतू नका, तेच सगळ्यात वासाचं. मी ते बर्फाच्या साच्यात गोठवते आणि दर ताटलीला एक खडा वितळवून घालते. उकडलेला बांगडा काटे काढून चालतो. सुकट-जवळा खारट असतो, म्हणून धुऊन, वाळवून, भाजून त्याची पूड चिमूटभर वरून भुरभुरायची, तीही किडनीच्या मांजराला नाही. चिकनवाल्याकडची कलेजी अंगठ्याएवढी, दोन-चार दिवसच. रोज दिली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. गूळ-साखरेचं बोट चाटवून उपयोग नाही, मांजराला गोड चव कळतच नाही.

पहिला घास तोंडात जायला मदत करता येते. बोटावर बी एवढं खाणं घेऊन पुढच्या पंज्याला लावा. मांजर पंजा स्वच्छ करायला चाटतं, आणि चाटता चाटता कधी कधी त्याला आठवतं की आपल्याला भूक आहे. नाकाला फासू नका, त्याने फक्त राग येतो. दोनदा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा मागे लागू नका. ताटली घेऊन घरभर पाठलाग करणाऱ्या माणसाला बघूनच मांजर पलंगाखाली जायला लागतं.

आता आकडे, कारण 'आज थोडं खाल्लं' हे वाक्य फार फसवं आहे. चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, तीन किलोच्याला १६०, पाच किलोच्याला २३५च्या आसपास. १२० ग्रॅम उकडलेलं चिकन म्हणजे सुमारे २०० कॅलरी. ग्रेव्हीच्या ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बऱ्याचदा ६० ते ८० कॅलरी असतात, पाकिटावर बघून घ्या. म्हणजे दिवसाला तीन पाऊच. दोन चमचे ग्रेव्ही चाटली की आपल्याला हर्ष होतो, पण त्याने पोटात गेल्या आठ-दहा कॅलरी. वाढताना आणि उचलताना ताटली काट्यावर ठेवा आणि फरक वहीत लिहा. दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून कमी भरलं तर ताटलीच्या युक्त्या पुऱ्या झाल्या, पुढच्या पायरीवर जायचं.

एक सावधगिरी. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर कोंबू नका. रक्तातले क्षार एकदम ढासळतात. पहिल्या दिवशी गरजेचा पाव ते तिसरा हिस्सा, मग तीन-चार दिवसांत वाढवत पूर्ण. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सिरिंजने भरवायचं तर

सिरिंजने भरवणं चार-पाच दिवसांचा पूल आहे, त्यावर राहायला जायचं नाही. उलट्या चालू असतील, मांजर ग्लानीत असेल, धाप लागलेली असेल किंवा सिरिंज दिसताच लाळ गळायला लागत असेल तर भरवू नका. फुप्फुसात गेलेला एक घास न्यूमोनिया करतो.

बिनसुईच्या १० मिलीच्या दोन सिरिंज घ्या. १२० ग्रॅम उकडलेलं चिकन त्याच्याच १०० मिली पाण्यात मिक्सरवर पेस्टसारखं वाटा आणि गाळणीतून दाबून काढा. मिलीला साधारण एक कॅलरी पडते. रिकव्हरीचा डबा असेल तर तो उत्तम, त्यात टॉरिन, म्हणजे मांजराला अन्नातून मिळावंच लागतं असं एक पोषकद्रव्य, आणि बाकीचं सगळं असतं. नुसतं चिकन हे काही पूर्ण अन्न नाही, चार-पाच दिवसांपुरतं ठीक.

मांजराला ओट्यावर टॉवेल अंथरून बसवा, तोंड आपल्याविरुद्ध दिशेला, पाठ आपल्या पोटाला टेकलेली. हवं तर खांद्यांभोवती टॉवेल लपेटा. बाळासारखं उताणं धरायचं नाही. मान वर करायची नाही, हनुवटी जमिनीशी समांतर. सिरिंजचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीतून आत, गालाच्या दिशेने. अर्धा मिली ते एक मिली सोडा. गिळलेलं दिसलं, घशाची हालचाल झाली, की पुढचं. पहिल्या वेळी किलोमागे ५ मिली, म्हणजे चार किलोच्याला २० मिली. पचलं तर हळूहळू ४० मिली, दिवसातून पाचदा. मधेच ओठ चाटून मान फिरवली तर थांबा. उरलेलं तासाभराने.

गोळ्या देत असाल तर मागून ५-६ मिली पाणी याच पद्धतीने द्या. विशेषतः डॉक्सीसायक्लिन, जी सर्दीला हमखास लिहून दिली जाते. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नलिका आवळते आणि मग गिळायचाच प्रश्न उभा राहतो.

नळीची भीती

डॉक्टरांनी नळी म्हटल्यावर मी रडले होते. मला वाटलं, संपलं सगळं. आता कुणी विचारलं तर मी सांगते, नळी लवकर घाला. नाकातून घालतात ती बारीक असते, तीतून फक्त पातळ अन्न जातं आणि ती थोड्या दिवसांची. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत घालतात तिला थोडी भूल लागते, पण ती आठवडेच्या आठवडे राहते आणि तिच्यातून वाटलेलं अन्न, औषधं, पाणी सगळं जातं. भुऱ्याला दिवसातून पाचदा मी सोफ्यावर मांडीशेजारी बसवून भरवायचे आणि तो घुरघुरायचा. सिरिंजच्या वेळी जी झटापट व्हायची, नखं लागायची, ती संपली. माझ्यावरचा त्याचा राग गेला, हा फायदा कुठल्या रिपोर्टात येत नाही.

भरवण्याआधी ५ मिली कोमट पाणी, मग अन्न कोमट आणि दोनदा गाळलेलं, पंधरा-वीस मिनिटं घेऊन सावकाश, शेवटी पुन्हा ५ ते १० मिली पाणी. शेवटचं पाणी विसरलात की नळी तुंबते. तुंबलीच तर कोमट पाणी भरून थोडं आत, थोडं बाहेर करत राहा, जोर लावू नका. भोकाभोवती लाली, पू, वास दिसला तर डॉक्टर. उलटीत नळीचं टोक तोंडातून बाहेर आलं तर भरवणं बंद आणि लगेच दवाखाना.

स्वतःहून खायला लागताना

नळी असली तरी दर वेळी आधी ताटली ठेवायची, दहा मिनिटांनी उचलायची, त्यातून जे पोटात गेलं नाही ते नळीने. तोंडाने खाणं वाढेल तसं नळीचं कमी. सगळं तोंडाने जाऊ लागलं आणि आठवडाभर वजन टिकलं, की मग नळी काढायची. वजन दर रविवारी त्याच टबात.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी मिक्सरमध्ये चिकन वाटलं, झाकण ओट्यावर उलटं ठेवलं आणि गाळणी काढायला वळले. मागे बारीक खरखर ऐकू आली. भुऱ्या ओट्यावर चढून झाकणाची कड चाटत होता. आधी कड, मग मधली रबराची चकती, मग पुन्हा कड. मी गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले, कारण हलले असते तर तो थांबला असता. त्या दिवशी त्याने तोंडाने खाल्लेलं मोजलं तर तीन ग्रॅम भरलं. दुसऱ्या दिवशी मी झाकण मुद्दाम जरा कमी निपटून फरशीवर ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत गेले. अकरा ग्रॅम. आठवड्याने ताटली सुरू झाली, पण ताटलीत वाढलेलं आधी झाकणावर काढून द्यावं लागायचं.

पस्तिसाव्या दिवशी नळी निघाली. भोक टाक्याशिवाय आपोआप भरून आलं. आता दोघांच्या ताटल्या वेगळ्या, वेळा ठरलेल्या आणि उचललेल्या ताटलीकडे एक नजर टाकल्याशिवाय मी ती धूत नाही. भुऱ्या साडेपाच किलोवर थांबलाय. मिक्सरला नवीन झाकण घेतलं, जुनं त्याच्याकडे आहे.